वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा खर्च आणि प्राप्तिकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइंग स्कूलची फी, टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता), सिम्युलेटरची सत्रे आणि कंपनी सोडताना भरावी लागणारी बाँडची रक्कम यांवर करसवलत मिळते का, हे विचारणारी पत्रे वैमानिक आणि त्यांचे पालक सातत्याने पाठवतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतीय प्राप्तिकर कायदा, १९६१ नुसार असून दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या उत्पन्नासाठी येथील कलम क्रमांक जसेच्या तसे वापरू नयेत.

१. मी विमान कंपनीत पगारदार वैमानिक आहे. सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) केलेला खर्च पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो का?

नाही. पगाराच्या उत्पन्नातून कोणत्या वजावटी मिळतात हे कलम १६ मध्ये ठरवून दिले आहे आणि त्या तीनच आहेत: प्रमाणित वजावट, शासकीय कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या करमणूक भत्त्याची वजावट आणि राज्य सरकारला भरलेला व्यवसाय कर. प्रमाणित वजावट नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये आणि जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपये आहे. पगारदाराने स्वतःच्या खिशातून कितीही खर्च केला असला, तरी त्यापोटी कायदा एवढीच ठोक रक्कम मान्य करतो. प्रशिक्षणासाठी वेगळे कलम नाही. सीपीएल असो, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता) असो किंवा टाइप रेटिंग असो, ती फी विवरणपत्रात पगारासमोर दाखवण्याची जागाच नाही.

२. परवान्याशिवाय ही नोकरी मिळालीच नसती. मग तो खर्च उत्पन्न मिळवण्यासाठीच केलेला नाही का?

हा युक्तिवाद मला मनापासून पटतो. डॉक्टर किंवा अभियंता शिक्षण संपल्यावर अनेक मार्गांनी कमावू शकतो. वैमानिकाचा सर्व खर्च मात्र एका परवान्यासाठी आणि त्यातही एखाद्या विशिष्ट विमानाच्या टाइप रेटिंगसाठी होतो, आणि ते रेटिंग दुसऱ्या कामाला उपयोगी पडत नाही. तरीही ‘उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च’ ही कसोटी भारतीय कायद्यात व्यवसायाच्या किंवा इतर स्रोतांच्या उत्पन्नाला लागू होते, पगाराला होत नाही. त्यामुळे पगारदाराचा खर्च कितीही आवश्यक असला तरी त्या तर्काने वजावट मिळत नाही. शिवाय पगार सुरू होण्याआधीच्या वर्षांतील फी ‘तोटा’ म्हणून पुढे ओढण्याचीही सोय नाही. व्यावसायिक करारावर काम करणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे (प्रश्न १४ पाहा).

३. परदेशातील वैमानिकांना ही वजावट मिळते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

काही देशांत आणि काही अटींवर मिळते, परंतु तेथेही पहिल्या परवान्याचा आणि नोकरीतील पुढील प्रशिक्षणाचा विचार सहसा वेगवेगळा होतो. ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये फेडरल न्यायालयाने एका फ्लाइट इंजिनिअरला उड्डाणाच्या धड्यांचा खर्च वजा करू दिला, कारण त्या धड्यांमुळे तो करत असलेल्या कामातील त्याचे कौशल्य वाढत होते. जर्मनीत पहिल्या व्यावसायिक शिक्षणाचा खर्च नोकरीचा खर्च म्हणून नाकारणारा नियम तेथील घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये वैध ठरवला, आणि त्या निर्णयामागील प्रकरणांत वैमानिकांची प्रकरणेही होती. भारतातील विवरणपत्रात मात्र या निर्णयांचा आधार घेता येत नाही.

४. मग पगारदार वैमानिकाला काहीच मिळत नाही का?

एक मार्ग आहे, तो म्हणजे कलम ८०ई. उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावर आपण वर्षभरात प्रत्यक्ष भरलेले व्याज एकूण उत्पन्नातून वजा होते. या वजावटीला रकमेची कमाल मर्यादा नाही, आणि वैमानिकांच्या कर्जाचा आकार पाहता हीच त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. मुद्दलाच्या परतफेडीवर मात्र एक रुपयाही मिळत नाही. ज्याने फी बचतीतून किंवा घर विकून भरली, त्यालाही या कलमाचा लाभ नाही. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि तिला वर्षांची मर्यादा आहे. या दोन अटींमुळे पुष्कळांचा लाभ हुकतो, म्हणून त्यांची चर्चा प्रश्न ७ आणि ९ मध्ये विस्ताराने केली आहे.

५. फ्लाइंग स्कूलचा अभ्यासक्रम ‘उच्च शिक्षण’ ठरतो का? तो तर पदवी नाही.

पदवी असण्याची अट नाही. २००९ पूर्वी या कलमात अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन यांसारख्या ठरावीक शाखांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमांचाच समावेश होता. २००९ च्या वित्त कायद्याने व्याख्या रुंदावली आणि बारावी किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरचा कोणताही अभ्यासक्रम तिच्यात आला. व्यावसायिक शिक्षणाचा समावेश करणे हा त्या दुरुस्तीचा जाहीर हेतू होता. त्यामुळे डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतील, उदाहरणार्थ गोंदियाच्या किंवा फुरसतगंजच्या अकादमीतील, सीपीएल अभ्यासक्रम या व्याख्येत बसतो असे मानण्यास भक्कम आधार आहे. शिक्षण भारतातच झाले पाहिजे अशी अट कलम ८०ईमध्ये नाही, म्हणून परदेशातील फ्लाइंग स्कूलसाठी घेतलेले कर्जही चालते.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. स्टुडंट पायलट लायसन्स वयाच्या सोळाव्या वर्षी आणि दहावीनंतर मिळू शकते. बारावी होण्याआधीच ज्याने उड्डाणाचे तास सुरू केले आणि त्यासाठी कर्ज काढले, त्याच्या त्या काळातील प्रशिक्षणाला ‘बारावीनंतरचा अभ्यासक्रम’ म्हणणे अवघड आहे. दुसरी बाब टाइप रेटिंगची. सीपीएल आणि टाइप रेटिंग यांसाठी मिळून एकच शैक्षणिक कर्ज मंजूर झाले असेल, तर सहसा अडचण येत नाही. केवळ काही आठवड्यांच्या टाइप रेटिंगसाठी वेगळे कर्ज घेतले असेल, तर ते बँकेने शैक्षणिक कर्ज म्हणून मंजूर केले आहे आणि संस्थेला मान्यता आहे, हे दाखवणारी कागदपत्रे हाताशी असावीत, कारण अशा अल्पकालीन अभ्यासक्रमाबद्दल अधिकारी प्रश्न विचारू शकतो.

६. कोणाकडून घेतलेले कर्ज चालते?

बँक, केंद्र सरकारने अधिसूचित केलेली वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था यांच्याकडून घेतलेलेच कर्ज चालते. मामा, काका, मित्र किंवा स्वतःची विमान कंपनी यांच्याकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज वजा होत नाही. बिगर-बँक वित्तसंस्थेकडून कर्ज घेताना ती संस्था या कलमासाठी अधिसूचित आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. सर्वच अशा संस्था अधिसूचित नाहीत, आणि हे कर्ज मंजूर होण्याआधी विचारले तरच उपयोग होतो. जिला आपला बँकिंग नियमन कायदा लागू नाही अशा परदेशी बँकेचे कर्जही येथे बसत नाही. घर तारण ठेवून किंवा सोने गहाण ठेवून बँकेकडून घेतलेल्या कर्जाबाबत कायदा तारणाचा नव्हे तर हेतूचा विचार करतो. परंतु मंजुरीपत्रात शिक्षणाचा उल्लेख नसेल, तर तो हेतू सिद्ध करणे आपल्यावर येते.

७. ही वजावट किती वर्षे मिळते आणि वर्षांची मोजणी केव्हापासून होते?

ज्या वर्षी आपण व्याज भरायला सुरुवात करता ते वर्ष आणि त्यानंतरची सलग सात वर्षे, अशी एकूण आठ वर्षे. व्याज त्याआधीच फिटले, तर वजावटही तेव्हाच थांबते. मोजणी नोकरी लागल्यापासून किंवा कर्ज मंजूर झाल्यापासून होत नाही. ती व्याजाच्या पहिल्या भरण्यापासून होते, आणि वैमानिकांच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो.

एक उदाहरण पाहू. एका विद्यार्थ्याने २०२२-२३ मध्ये प्रशिक्षण चालू असताना दरमहा थोडे व्याज स्वतःच्या नावाने भरायला सुरुवात केली. सीपीएल मिळाल्यावर टाइप रेटिंग आणि कंपन्यांच्या निवडप्रक्रिया यांत काळ गेला आणि नोकरी २०२५-२६ मध्ये लागली. त्याची आठ वर्षे २०२९-३० मध्ये संपतात. पहिल्या तीन वर्षांत करपात्र उत्पन्नच नसल्याने ती वाया गेली आणि हातात पाचच वर्षे उरली. कर्ज दहा-बारा वर्षांचे असेल, तर उरलेल्या काळातील व्याजावर काहीही मिळणार नाही. त्याने बँकेची मुभा वापरून व्याजाचा भरणा नोकरी लागल्यावर सुरू केला असता, तर आठही वर्षे पगाराच्या काळात आली असती.

याचा अर्थ व्याज थकवावे असा मुळीच नाही. प्रशिक्षणकाळात न भरलेले व्याज मुद्दलात मिळते आणि त्यावर पुन्हा व्याज चढते. काही बँका त्या काळात व्याज भरणाऱ्यांना दरात सवलतही देतात. म्हणून वाढणारे व्याज आणि वाचणारा कर या दोन्ही रकमा कागदावर मांडून, कर्जावर सही करण्यापूर्वीच निर्णय घ्यावा. विवरणपत्र भरताना हा प्रश्न समोर आला, तर तोवर वेळ निघून गेलेली असते.

८. कर्ज वडिलांच्या नावावर आहे. वजावट कोणाला मिळेल?

ज्याने कर्ज घेतले आणि आपल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरले, त्याला. कलम ८०ई स्वतःच्या, पती किंवा पत्नीच्या, मुलांच्या आणि आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी लागू होते. त्यामुळे वडील किंवा आई कर्जदार असतील आणि तेच व्याज भरत असतील, तर वजावट त्यांची. भावाने बहिणीसाठी घेतलेले कर्ज यात येत नाही. कर्ज केवळ मुलाच्या नावावर असेल आणि हप्ते वडील भरत असतील, तर वडिलांना वजावट मागता येत नाही, कारण कर्ज त्यांनी घेतलेले नाही.

दोघेही सहकर्जदार असतील, तर ज्याने जेवढे व्याज भरले तेवढे त्याने मागावे. मुलगी प्रशिक्षणात असताना वडील कमावते असतात, म्हणून त्या काळातील व्याज वडिलांनी स्वतःच्या खात्यातून भरणे बहुधा शहाणपणाचे ठरते. हप्ता कोणाच्या खात्यातून गेला, हाच येथे निर्णायक पुरावा असतो.

९. नव्या करप्रणालीत व्याजाची वजावट मिळते का? नसेल, तर कोणती प्रणाली घ्यावी?

मिळत नाही. नवी प्रणाली आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, म्हणून वजावट हवी असेल तर जुनी प्रणाली स्पष्टपणे निवडावी लागते. ज्याला व्यवसायाचे उत्पन्न नाही असा पगारदार ही निवड दरवर्षी करू शकतो. मात्र जुनी प्रणाली मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडता येते. उशिरा भरल्यास व्याजाची वजावट त्या वर्षापुरती गेलीच.

कोणती प्रणाली घ्यावी हे आकडेमोडीने ठरते. २०२५-२६ च्या दरांनुसार, पगार २४ लाख ७५ हजारांपेक्षा जास्त असेल, तर प्रमाणित वजावट सोडून इतर वजावटींची बेरीज ८ लाखांच्या वर गेल्याशिवाय जुनी प्रणाली स्वस्त पडत नाही. समजा, ५० लाखांचे कर्ज ११ टक्के दराने घेतले आहे. पहिल्या वर्षाचे व्याज साधारण साडेपाच लाख होते. त्यात कलम ८०सीचे दीड लाख मिळवले तर सात लाख होतात. म्हणजे एवढ्या मोठ्या कर्जावरही, घरभाडे भत्त्याची सूट किंवा आरोग्यविम्याचा हप्ता यांसारखे आणखी काही नसेल, तर नवी प्रणालीच फायद्याची राहते. पगार कमी असेल तर ही सीमारेषाही खाली येते. म्हणून ‘८०ई आहे, म्हणजे जुनी प्रणाली’ असे गृहीत धरू नये. व्याज दरवर्षी कमी होत जाते, त्यामुळे हे गणित प्रत्येक वर्षी नव्याने करावे.

१०. फ्लाइंग स्कूलच्या फीवर कलम ८०सी लागू होते का?

स्वतःच्या फीवर नाही. पालकांना दोन मुलांपर्यंतच्या ट्यूशन फीवर, एकूण दीड लाखाच्या मर्यादेत आणि जुन्या प्रणालीत, ही वजावट मिळते. शिक्षण पूर्णवेळ हवे आणि संस्था भारतातील हवी. फ्लाइंग स्कूलच्या पावतीत इंधन, विमानाचे तासभाडे, वसतिगृह आणि गणवेश अशा अनेक बाबी असतात. त्यांतील फक्त ट्यूशन फी धरता येते, म्हणून संस्थेकडून रकमांची फोड करून घ्यावी.

११. कंपनीने माझ्या टाइप रेटिंगचा खर्च केला. ती रक्कम माझ्या उत्पन्नात धरली जाईल का?

कंपनीने आपल्या कामासाठी कर्मचाऱ्याला दिलेले प्रशिक्षण, त्या काळातील निवास आणि भोजन यांसह, कर्मचाऱ्याच्या हाती करपात्र लाभ मानले जात नाही. नियमित सिम्युलेटर तपासण्यांनाही हेच लागू होते. वैमानिकाच्या दृष्टीने ही कलम ८०ईपेक्षाही मोठी सवलत आहे, कारण येथे पूर्ण खर्च करमुक्त पैशातून होतो. नोकरीच्या प्रस्तावांची तुलना करताना केवळ पगाराचा आकडा न पाहता प्रशिक्षण कोण देणार, हेही पाहावे. कंपनीने प्रशिक्षणाऐवजी रोख भत्ता दिला, तर तो मात्र सामान्यतः करपात्र पगार ठरतो.

१२. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी दरमहा माझ्या पगारातून कापते. कर पूर्ण पगारावर का लागतो?

कारण पगार देय झाला की तो करपात्र होतो. त्यातून नंतर झालेली कपात म्हणजे आपल्या उत्पन्नाचा विनियोग असतो. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता पगारातून कापला गेला म्हणून कर कमी होत नाही, तसेच हे आहे. नेमणुकीच्या वेळी वाटाघाटीला वाव असेल, तर जास्त पगार आणि कपात या रचनेऐवजी प्रशिक्षणाचा खर्च कंपनीने सोसावा आणि पगार त्या प्रमाणात कमी ठेवावा, असे सुचवून पाहावे. मात्र तसे झाल्यास बाँडच्या अटी नीट वाचाव्यात.

१३. बाँड मोडून कंपनी सोडली आणि मोठी रक्कम भरली. तिची वजावट मिळेल का?

येथे दोन प्रकारच्या रकमा वेगळ्या कराव्या लागतात. पहिली म्हणजे नोटीस कालावधीपोटी पगारातून कापलेली रक्कम. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे ही कपात मोठी असू शकते. प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अशी कपात वगळून प्रत्यक्ष मिळालेलाच पगार करपात्र धरला. तो निर्णय करदात्याच्या बाजूचा असला तरी न्यायाधिकरणाचा आहे, आणि फॉर्म १६ मध्ये पूर्ण पगार दिसत असताना कमी रक्कम दाखवली, तर विभागाकडून विचारणा होण्याची तयारी ठेवावी.

दुसरी रक्कम म्हणजे प्रशिक्षणखर्चाच्या भरपाईपोटी आपण स्वतःच्या खात्यातून दिलेली बाँडची रक्कम. हा न मिळालेला पगार नव्हे. म्हणून वरील निर्णयाचा आधार येथे पुष्कळच कमकुवत होतो, आणि कलम १६ मध्ये तिला स्थान नाही. माझ्या मते ही वजावट मागण्यात जोखीम जास्त आहे. अशा रकमेवर जीएसटी लागत नाही, हे मात्र ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. कंपनीच्या मागणीपत्रात जीएसटी जोडला असेल, तर ते परिपत्रक दाखवून हरकत घ्यावी.

नवीन कंपनीने आपल्या वतीने बाँडची रक्कम भरली, तर आपले देणे मालकाने फेडले असा त्याचा अर्थ होतो आणि ती रक्कम आपल्या पगारात करपात्र लाभ म्हणून मिळवली जाते. रुजू होताना मिळणारा बोनसही करपात्रच असतो. त्यामुळे ‘बाँड आम्ही भरू’ असे आश्वासन मिळाल्यास त्यावरचा कर कोण भरणार, हे लेखी ठरवून घ्यावे.

१४. मी कंपनीचा कर्मचारी नाही. करारावर उड्डाण करतो आणि १० टक्के टीडीएस कापला जातो. माझे काय?

आपले उत्पन्न खरोखरच व्यवसायाचे असेल, तर कलम ३७ नुसार पूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठी केलेला, भांडवली किंवा वैयक्तिक नसलेला खर्च वजा होतो. ही वजावट नव्या करप्रणालीतही मिळते. मात्र केवळ टीडीएसच्या कलमावरून व्यवसाय सिद्ध होत नाही. रोस्टर, रजा, शिस्त आणि गणवेश हे सारे एकाच कंपनीच्या नियंत्रणाखाली असेल, तर कराराचे नाव काहीही असले तरी ते उत्पन्न पगार ठरू शकते.

व्यवसाय मान्य झाला, तरी प्रत्येक खर्चाची जात पाहावी लागते. परवान्याचे नूतनीकरण, ठरावीक काळाने होणारी सिम्युलेटर तपासणी आणि चार्टची वर्गणी हे चालू व्यवसाय टिकवण्याचे खर्च आहेत आणि ते मागण्यास हरकत नसावी. पहिल्या सीपीएलचा खर्च व्यवसाय सुरू होण्यापूर्वीचा आणि वैयक्तिक पात्रतेचा आहे, तो मिळणार नाही. यांच्या मधोमध येते ती नव्या विमानाची टाइप रेटिंग. आधीपासून व्यवसाय चालू आहे आणि विशिष्ट करारासाठीच ती घेतली, तर महसुली (म्हणजे चालू स्वरूपाच्या) खर्चाचा युक्तिवाद उभा राहतो. तिचा लाभ अनेक वर्षे टिकतो म्हणून ती भांडवली आहे, असे विभाग म्हणू शकतो. करार आधीचा आणि प्रशिक्षण नंतरचे, हा क्रम कागदोपत्री दिसला तर आपली बाजू बळकट होते.

कलम ४४एडीएच्या अनुमानित कराच्या योजनेतील व्यवसायांच्या यादीत वैमानिकांचा नावाने उल्लेख नाही. त्या योजनेत निम्मी जमा हेच उत्पन्न मानले जात असल्याने, ती लागू झाली तरी प्रशिक्षणाचा खर्च पुन्हा वेगळा मागता येत नाही.

१५. वडिलांची खासगी कंपनी आहे. कंपनीने माझ्या प्रशिक्षणाचा खर्च केला तर?

येथे बहुतेकांची निराशा होते. मुंबई उच्च न्यायालयाने सकाळ पेपर्सच्या प्रकरणात संचालकाच्या कन्येच्या परदेशातील पत्रकारितेच्या शिक्षणाचा खर्च कंपनीला मान्य केला होता, पण तेथे ते शिक्षण थेट वृत्तपत्राच्या व्यवसायाशी जोडलेले होते. कंपनी बांधकाम साहित्याची आणि मुलगा वैमानिक, असा प्रकार असेल तर तो खर्च व्यवसायाचा ठरत नाही. उलट कंपनीकडून संचालकाच्या नातेवाइकाला मिळालेला लाभ उत्पन्न म्हणून करपात्र होण्याचा धोका असतो. वडिलांनी स्वतःच्या करभरणा केलेल्या पैशातून मुलाला रक्कम भेट दिली, तर त्या भेटीवर मुलाला कर लागत नाही. हा मार्ग सरळ आहे.

१६. शिष्यवृत्ती किंवा प्रशिक्षणकाळातील विद्यावेतन करपात्र आहे का?

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती कलम १०(१६) नुसार करमुक्त आहे, आणि नव्या प्रणालीतही ती सवलत टिकून आहे. कॅडेट म्हणून निवड झाल्यावर कंपनी दरमहा देते ती रक्कम मात्र कामाच्या मोबदल्यात असेल तर पगार ठरते. तिला ‘स्टायपेंड’ म्हटले म्हणून ती करमुक्त होत नाही.

१७. परदेशातील फ्लाइंग स्कूलला पैसे पाठवताना बँकेने टीसीएस (रक्कम पाठवतानाच गोळा केला जाणारा कर) कापला. तो खर्च समजायचा का?

नाही. तो आगाऊ भरलेला कर आहे. २०२५-२६ मध्ये शिक्षणासाठी वर्षभरात १० लाखांपेक्षा जास्त पाठवलेल्या रकमेवर ५ टक्के टीसीएस लागत होता. कलम ८०ईमध्ये बसणाऱ्या वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेली असेल, तर तो लागत नाही. कापलेली रक्कम ज्याच्या पॅनवर जमा झाली, त्याने विवरणपत्र भरून ती करात वळती करावी किंवा परत मागावी. म्हणून पैसे विद्यार्थ्याच्या खात्यातून पाठवायचे की पालकांच्या, हे आधी ठरवावे.

१८. भारतातील फ्लाइंग स्कूलच्या फीवर जीएसटी लागतो का?

डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थांच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमांवर जीएसटी नाही. जीएसटी परिषदेच्या सप्टेंबर २०२४ मधील बैठकीनंतर निघालेल्या परिपत्रकाने हे स्पष्ट झाले.

१९. मला आखातातील कंपनीत नोकरी लागली आहे. भारतातील शैक्षणिक कर्जाचे व्याज वजा करता येईल का?

अनिवासी व्यक्तीलाही कलम ८०ई लागू होते. परंतु अनिवासी म्हणून परदेशात केलेल्या आणि तेथेच मिळालेल्या पगारावर भारतात कर नसतो, त्यामुळे भारतात भाडे किंवा व्याज यांसारखे करपात्र उत्पन्न असेल तरच वजावटीचा उपयोग होतो. वजावट उत्पन्नापेक्षा जास्त असेल, तर उरलेली रक्कम पुढील वर्षी नेता येत नाही आणि आठ वर्षांची मोजणीही थांबत नाही. पालक सहकर्जदार असतील आणि व्याज खरोखरच त्यांच्या उत्पन्नातून भरले जात असेल, तर प्रश्न ८ मधील मार्ग उपयोगी पडतो.

२०. कोणती कागदपत्रे जपून ठेवावीत?

कर्जाचे मंजुरीपत्र, बँकेने दरवर्षी दिलेले व्याज आणि मुद्दल वेगळे दाखवणारे प्रमाणपत्र, हप्ते गेलेल्या खात्याचे उतारे, संस्थेचे प्रवेशपत्र आणि तिच्या मान्यतेचा पुरावा, तसेच बारावीची गुणपत्रिका. विवरणपत्रात आता बँकेचे नाव, कर्ज खाते क्रमांक आणि मंजुरीची तारीख असा तपशील मागितला जातो. नोकरीत असताना व्याजाची माहिती फॉर्म १२बीबीमध्ये कंपनीला दिल्यास टीडीएस त्यानुसार कापला जातो. ती द्यायची राहिली, तरी मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात वजावट मागता येते. बाँड भरला असल्यास कंपनीचे मागणीपत्र, पावती आणि हिशेबाचे अंतिम पत्रक यांत नोटीसपोटीची रक्कम आणि प्रशिक्षणखर्चाची रक्कम वेगवेगळी लिहून घ्यावी, कारण प्रश्न १३ मधील फरक त्याच कागदावरून ठरतो.